आईला किंवा बाबांना मोठा मानसिक आजार असतो तेव्हा मुलांसाठी काय करायचं

मी नऊ वर्षांची होते. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या रात्री आमच्या गोव्यातल्या डिचोलीकडच्या घरात सगळे जागे होते. काकांची माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळांची चौकट, बांधून झाली होती, बायका नेवऱ्या तळत होत्या. मी सगळ्यांची नजर चुकवून माटोळीचा एक आंबाडा ओढून काढला आणि परसात जाऊन मीठ लावून खाल्ला. पहाटे आई उठली, स्टुलावर चढली आणि माटोळीची फळं एकेक सोडवून अंगणात टाकायला लागली. त्यात कोणीतरी विष घातलंय, असं ती म्हणत होती. तिला धरून खोलीत नेलं. आम्हा मुलांना काकीनं शेजारी पाठवलं. परत आलो तेव्हा आई घरात नव्हती. "आई पणजीला गेलीय," एवढंच सांगण्यात आलं.

देवाला दाखवायच्या आधी मी फळ खाल्लं म्हणून देवानं आईला शिक्षा केली, हे मी त्या दिवशी पक्कं केलं आणि पुढची चार वर्षं कोणालाही सांगितलं नाही. आईला स्किझोफ्रेनिया आहे हे मला तेराव्या वर्षी मावशीनं सांगितलं, कदंबाच्या बसमध्ये, खिडकीबाहेर बघत.

आता मी प्राथमिक शाळेत शिकवते. गेल्या वीस-बावीस वर्षांत अशा घरातली बरीच मुलं माझ्या वर्गात येऊन गेली आणि जवळजवळ प्रत्येकाकडे असा एक लपवलेला आंबाडा होता. कोणी बाबांची बाटली लपवली होती, कोणी आईला उलट बोललं होतं. मुलाला कोणी कारण सांगितलं नाही की ते स्वतः शोधतं, आणि शोधत शोधत स्वतःपाशीच येऊन थांबतं. म्हणून हा लेख घरातल्या दुसऱ्या पालकासाठी, आजी-आजोबांसाठी, काकी-मावशी-आत्यांसाठी आणि शिक्षकांसाठी लिहिते आहे. आजारी माणसाची काळजी कशी घ्यायची याबद्दल डॉक्टर सांगतात. त्या घरातल्या मुलांचं काय करायचं, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

आधी मोठ्यांनी आपसात नाव घ्यावं

मुलाशी बोलण्याआधी घरातल्या मोठ्यांनी एकत्र बसून आजाराचं नाव उच्चारायला हवं. आजी म्हणते देवचार लागलाय, काका म्हणतात टेन्शन, बाबा काहीच म्हणत नाहीत. अशा घरात मूल तिघांची तोंडं बघत राहतं. डॉक्टरांना सरळ विचारा, आजाराचं नाव काय आणि घरात काय दिसेल.

थोडक्यात सांगायचं तर स्किझोफ्रेनियात माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, घट्ट संशय बसतो, आणि बऱ्याचदा माणूस आतून मिटून जातो. मुलाला आवाजांपेक्षा हे मिटून जाणंच जास्त लागतं, कारण आई समोर असून हसत नाही. बायपोलर आजारात काही दिवस किंवा आठवडे तेजी असते: झोप नाही, बोलणं थांबत नाही, पैसा उडतो. मग तोच माणूस पार खचतो. तीव्र नैराश्यात अंथरुणातून उठणंही होत नाही. आणि बाळंतपणानंतर, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच, हजारात एखाद-दुसऱ्या बाईला अचानक भ्रम सुरू होतात. तेव्हा "बाहेरचं लागलंय" म्हणून घरात ठेवू नका, त्याच दिवशी इस्पितळ गाठा. बाळ आणि आई दोघांच्याही जिवाचा प्रश्न असतो. वेळेवर उपचार झाले तर या बायका चांगल्या बऱ्या होतात.

देवाचं काय? आमच्याकडे कौल लावल्याशिवाय काही होत नाही आणि मीही गाऱ्हाणं घालते. घालायचं तर घाला. फक्त दोन गोष्टी सांभाळा. त्यापायी गोळी थांबू नये, आणि मुलाला कोणत्याही विधीत आजाराचं कारण म्हणून उभं करू नये. "या पोरीच्या पायगुणानं झालं" असं एका घाडीनं, म्हणजे गावच्या भगतानं, माझ्यासमोर म्हटलेलं वाक्य मला अजून तोंडपाठ आहे.

मुलाला सांगताना

आधी सांगू नका, विचारा. "आई अशी का झाली, तुला काय वाटतं?" एवढा एकच प्रश्न, आणि मग गप्प बसा. मुलाच्या डोक्यात काय शिजलंय ते कळल्याशिवाय तुमचं सांगणं वरवरून जाईल. मला नवव्या वर्षी कोणी हे विचारलं असतं तर आंबाड्याची गोष्ट बाहेर आली असती आणि दोन मिनिटांत संपली असती.

मग सांगा. सात-आठ वर्षांच्या मुलाला मी साधारण अशा शब्दांत सांगते: "आईच्या मेंदूला एक आजार आहे. त्याचं नाव स्किझोफ्रेनिया. तो वाढला की आईला नसलेले आवाज ऐकू येतात आणि ती घाबरते. हे तुझ्यामुळे झालेलं नाही. तू भांडलीस म्हणून नाही, अभ्यास केला नाहीस म्हणून नाही. आणि तिला बरं करणं हे तुझं काम नाही, ते डॉक्टरांचं काम. तुला मी आणि काकी बघणार." एवढंच. जास्त लांबवलं की मूल ऐकणं सोडून तुमच्या चेहऱ्याकडे बघायला लागतं.

त्यावर मूल म्हणेल, "मी खेळायला जाऊ?" जाऊ द्या. त्याला काही वाटलं नाही असं समजू नका. खरा प्रश्न चार दिवसांनी येतो, बहुतेक स्कूटरवर मागे बसलेलं असताना, कारण तिथं एकमेकांचं तोंड बघावं लागत नाही. तेव्हा स्कूटर थांबवून मोठं भाषण करू नका. चालवता चालवताच उत्तर द्या.

चार-पाच वर्षांच्या मुलाला नाव नको, रोजच्या दिसण्यातलं सांगा. "आई आज खूप थकलीय, आजारानं. तुझ्यावर रागावलेली नाही. संध्याकाळी तुला आजी भरवेल." त्या वयात संध्याकाळी कोण भरवणार हेच सगळ्यात महत्त्वाचं असतं.

बारा-तेराच्या पुढच्या मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो. बहुतेकजण तो विचारत नाहीत, रात्री मोबाईलवर एकटेच शोधतात: "मला पण होईल का?" त्यांनी विचारायची वाट न बघता तुम्हीच बोला. खरं उत्तर असं की धोका इतरांपेक्षा जास्त असतो, पण होणारच असं नाही. स्किझोफ्रेनिया साधारण शंभरात एकाला होतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण दहात एक, म्हणजे दहातल्या नऊ मुलांना होत नाही. आणि याच बोलण्यात गांजाचा विषय काढा. गोव्यात तो किनाऱ्यावरही मिळतो आणि कॉलेजच्या मागेही, हे मुलांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. घरात असा आजार असलेल्या मुलाला गांजानं भ्रमाच्या आजाराचा धोका वाढतो, विशेषतः कोवळ्या वयात सुरू केला तर. "वाईट सवय" म्हणून नको, या कारणासाठी सांगा. मुलांना कारण पटतं.

काही वाक्यं मात्र घरातून कायमची काढून टाका. "आई गावाला गेलीय" म्हटलं की मूल रोज संध्याकाळी बसची वाट बघतं. "आई पिशी झालीय", म्हणजे वेडी झालीय, हे विनोदानंसुद्धा नको. आणि सगळ्यात घातक वाक्य प्रेमानं म्हटलं जातं: "तू शहाण्यासारखी वागलीस की आई लवकर बरी होईल." मी दोन वर्षं शहाण्यासारखी वागले. आईला पुन्हा इस्पितळात न्यावं लागलं तेव्हा माझं कुठं चुकलं ते मी वहीत लिहून काढत होते.

आई काहीबाही बोलायला लागली तर मुलानं काय म्हणायचं, हेही शिकवावं लागतं. शेजारीण भिंतीतून ऐकतेय असं आई सांगते तेव्हा मूल एक तर वाद घालतं, नाहीतर घाबरून "हो, मलाही ऐकू आलं" म्हणतं. दोन्ही नको. "आई, मला ऐकू येत नाही, पण तुला भीती वाटतेय ना? मी बाबांना बोलावते," एवढं म्हणून तिथून उठायचं. हे तुम्ही मुलाबरोबर दोनदा म्हणून बघा, आईचं सोंग तुम्ही घ्या. खेळासारखं वाटतं, पण वेळेला तेच शब्द तोंडात येतात.

वाईट दिवसाची तयारी चांगल्या दिवशी

एखादं घर आणि एखादं माणूस आधीच ठरलेलं हवं. घर चालत जाता येईल असं निवडा. सत्तरीत किंवा पेडण्याच्या आतल्या वाड्यांवर पावसाळ्यात वीज जाते, तिच्यापाठोपाठ मोबाईलची रेंजही जाते. म्हापशाला राहणारा मामा कितीही चांगला असला तरी त्या रात्री त्याचा उपयोग नसतो. शेजारच्या घरात जाऊन स्पष्ट बोला: "आमच्याकडे असा आजार आहे. कधी रात्री पोरगी आली तर दार उघडा, काही विचारू नका, झोपायला जागा द्या आणि मला फोन करा." बहुतेक लोक हो म्हणतात. आपण न विचारताच ते नाही म्हणतील असं धरून चालतो.

मग मुलाबरोबर बसून एक कार्ड तयार करा, त्याच्या हस्ताक्षरात. वर त्या घराचं नाव. खाली दोन मोठ्या माणसांचे नंबर. मग ११२, म्हणजे पोलीस आणि सगळ्या तातडीसाठी. १०८, रुग्णवाहिका. १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन. मूल स्वतः फोन करू शकतं. आणि १४४१६, टेली-मानस, केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली मोफत मानसिक आरोग्य सेवा. दिवसरात्र चालू असते आणि अनेक भारतीय भाषांत बोलता येतं. कार्ड दप्तरात आणि फ्रिजच्या दारावर, दोन्हीकडे.

फोन लावून काय बोलायचं तेही लिहा, कारण घाबरलेलं मूल "आई... आई..." एवढंच म्हणतं. "माझं नाव अमुक. घर अमुक वाड्यावर, घुमटीजवळ. माझ्या आईला मानसिक आजार आहे, ती आता फार अस्वस्थ आहे. घरात मोठं कोणी नाही."

कधी निघायचं? इथं मुलाला विचार करायला लावू नका, खुणा ठरवून द्या. आईनं काही धारदार हातात घेतलं, मारायला धावली, दार आतून लावून घेतलं, किंवा जीव द्यायचं बोलली, की चप्पल न शोधता निघायचं. धाकट्या भावाला घेता आलं तर घ्यायचं, नाही आलं तरी निघायचं आणि मोठ्यांना सांगायचं. हे शेवटचं म्हणायला जड जातं, मलाही जातं. पण धाकट्यापायी अडकून बसलेली मोठी बहीण दोघांनाही सोडवू शकत नाही, बाहेर पडलेली माणसं बोलावू शकते.

त्याआधीच्या खुणा मोठ्यांसाठी आहेत. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी असते, पण झोप जवळजवळ सगळ्यांची आधी उडते. माझी आई तीन रात्री झोपली नाही आणि रेडिओ उपरण्यात गुंडाळून ठेवला की आम्हाला कळायचं. सलग दोन रात्री झोप नाही म्हणजे डॉक्टरांना फोन, असा नियम करा. चवथ, शिगमो, घरातलं लग्न, म्हणजे जागरण आणि गर्दी दोन्ही. त्या दिवसांत आजारी माणसाची झोप आरतीपेक्षा महत्त्वाची माना आणि पाहुण्यांना तसं सांगा.

इस्पितळ

गोव्यात मोठं सरकारी मानसोपचार इस्पितळ म्हणजे बांबोळीची मानसोपचार व मानवी वर्तन संस्था, गोमेकॉ म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाजवळची. पूर्वी ते पणजीच्या आल्तिनो टेकडीवर होतं आणि कांदोळीत जन्मलेल्या, संमोहनावर काम केलेल्या आबे फारियांचं नाव त्याला होतं. म्हणून जुनी माणसं अजून "आल्तिनोला नेतील" म्हणून पोरांना भीती घालतात. ही धमकी बंद करा. ज्या जागेची भीती घातली, तिथंच आईला नेताना मुलाला काय सांगाल?

नेण्याचा प्रसंग आला की एका माणसानं आईबरोबर जायचं आणि एकानं मुलाबरोबर राहायचं. दोघेही आईबरोबर गेले तर मूल अंगणात एकटं उभं राहतं. रुग्णवाहिका किंवा पोलीस येणार असतील तर मुलाला आधी सांगा: "ते आईला इस्पितळात न्यायला मदत करणार आहेत, पकडायला आलेले नाहीत." आईनं आरडाओरडा केला, कोणी तिचे हात धरले, आणि मुलानं ते बघितलं, तर त्याच रात्री त्यावर बोला. उद्यावर टाकलं की ते परत निघत नाही.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मुलं असलेल्या घरालाही माहीत असावा. रुग्णाला आपला प्रतिनिधी साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून नेमता येतो. तो अज्ञान म्हणजे अठराखालचा चालत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला इस्पितळाच्या कागदांसाठी पुढं करणारी घरं मी बघितली आहेत. त्यांनी हे लक्षात घ्यावं. रुग्णाला स्वतः निर्णय घेता येत नसेल तर प्रतिनिधीच्या अर्जावर, तपासणी होऊन, आधी जास्तीत जास्त ३० दिवस दाखल करता येतं. तीन वर्षांखालचं मूल असलेल्या आईला दाखल केलं तर एरवी त्या मुलाला तिच्यापासून वेगळं करू नये, असंही हा कायदा सांगतो. मुलाला धोका असेल तर डॉक्टर वेगळं ठेवायला सांगू शकतात. आणि कोणत्याही माणसाला साखळीनं बांधणं कायद्यानं बंद आहे, देवळात बांधा नाहीतर घरात.

डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा की या रुग्णाला इतक्या वर्षांची मुलं आहेत. गर्दीच्या ओपीडीत ते विचारतीलच असं नाही. इस्पितळातल्या सामाजिक कार्यकर्तीनं मुलाशी दहा मिनिटं बोलावं अशी विनंती करा. पांढऱ्या कोटातल्या माणसानं "तुझ्यामुळे झालं नाही" म्हटलं की त्याचं वजन वेगळं पडतं. भेटायला न्यायचं का? आई थोडी शांत झाल्यावर आणि तिची इच्छा असेल तर न्या, पंधरा मिनिटांसाठी. आधी सांगा की आई गुंगीत असेल, हात थरथरतील, कदाचित कमी बोलेल, आणि ते औषधामुळे. मुलाला यायचं नसेल तर ओढून नेऊ नका. चिठ्ठी किंवा चित्र पाठवता येतं.

घरी आल्यावरच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांना वाटतं आता सुटलो. औषधांचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे जातात. मुलाला तसं सांगून ठेवा, नाहीतर "आई बरी होऊन आली" म्हणून ते धावत जातं आणि ती तशीच पलंगावर बसलेली असते.

गोळ्या हे मुलाचं काम नव्हे

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

मी अकरा वर्षांची असताना बाबा खाणीवर पाळीला जायचे. आई गोळी घेत नव्हती. एका संध्याकाळी त्यांनी मला सांगितलं, गोळी कुटून आमटीत घाल, तुझ्यावर तिचा विश्वास आहे. मी पाट्यावर कुटली, आमटीत ढवळली. आईनं दोन घास खाल्ले, मग वाटीच्या कडेला चिकटलेली पांढरी पूड बोटानं पुसून बघितली आणि माझ्याकडे बघितलं. ओरडली नाही. त्यानंतर पाच महिने तिनं माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. केळं द्यायचं तर सालीसकट, ती स्वतः सोलणार. तिच्या भ्रमात जग तिला विष घालत होतं, आणि घरात खरोखर तिच्या जेवणात काहीतरी घालणारी मी होते.

बाबांना मी दोष देत नाही. ते एकटे होते, दमलेले होते. त्यांना दुसरा रस्ता कोणी दाखवला नव्हता. दुसरे रस्ते आहेत. गोळी का नको, हे आधी रुग्णाला विचारा. बऱ्याचदा कारण वजन वाढणं, झोप, हात थरथरणं असं साधं असतं आणि डॉक्टर औषध किंवा मात्रा बदलू शकतात. काही औषधं इंजेक्शनच्या रूपात मिळतात. औषधानुसार दोन आठवड्यांनी, महिन्यानी किंवा त्याहून लांबच्या अंतरानं घ्यायची. रोजचा झगडा संपतो. याबद्दल डॉक्टरांना तुम्ही विचारा. लिथियम चालू असेल तर रक्ताची तपासणी वेळेवर व्हावी लागते, आणि जुलाब-उलट्या किंवा एप्रिल-मेच्या उकाड्यात अंगातलं पाणी कमी झालं तर ते रक्तात वाढून विषारी ठरू शकतं. हे लक्षात ठेवणं मोठ्या माणसाचं काम. गोळ्यांचा डबा कुलपात, किल्ली मोठ्यांकडे. मुलानं गोळी द्यायची नाही, मोजायची नाही, "आईनं घेतली का बघ गं" म्हणून पहाराही करायचा नाही.

घरातली कामं

त्याला जोडूनच. आई पडली की स्वयंपाकघर थोरल्या मुलीकडे जातं, मुलगा असेल तर खेळायला जातो. ती पेज करते, भावाला आंघोळ घालते, आईचे केस विंचरते, आणि सगळे म्हणतात, "किती गुणी पोर!" हे कौतुकच तिला बांधून ठेवतं. मुलांनी काम करावं, का नाही? भांडी पुसावी, पाव आणायला पोदेराकडे धावावं. पण घर ज्याच्यावाचून थांबेल असं काम मुलावर नको, आणि आईचं मन सांभाळायचं काम तर नकोच. आठवड्यातले तीन डबे काकीकडून, दोन खानावळीतून, असं लाज न बाळगता ठरवा. रोज एकाच वेळी जेवण आणि एकाच वेळी झोप, एवढं पाळलं तरी मुलाला पायाखाली जमीन मिळते. खेळ, भजनीमंडळ, फुगडी, क्रिकेट, जे काय त्याचं असेल ते आजाराच्या काळात बंद करू नका. तेच तर घराबाहेरचं त्याचं घर असतं.

शाळा

एका शिक्षकाला सांगा, सगळ्यांना नको. "घरात आईला मानसिक आजार आहे. उशीर झाला, गृहपाठ राहिला तर वर्गासमोर विचारू नका. डुलक्या काढल्या तर मला फोन करा." गोव्यातल्या अनेक सरकारी आणि अनुदानित शाळांत शिक्षण विकास महामंडळाच्या योजनेतून समुपदेशक येतात. त्यांच्याकडे मुलाची पहिली भेट तुम्ही मागा. पर्वरीची संगाथ ही संस्था १९९६ पासून याच क्षेत्रात आहे, तिथंही विचारता येईल.

शिक्षकांना माझी एक विनंती. "माझी आई" हा निबंध देताना "घरातलं माझं आवडतं माणूस" असाही पर्याय फळ्यावर लिहा. पाचवीत मी तो निबंध पूर्ण खोटा लिहिला होता आणि त्याला बक्षीस मिळालं होतं.

वर्गातली मुलं चिडवणारच. त्यासाठी मुलाला एक तयार वाक्य द्या: "माझी आई आजारी असते, तिला औषध चालू आहे." यापुढं कोणाला काही सांगायची गरज नाही, हेही सांगा. घरची गोष्ट लपवायची नाही, पण चव्हाट्यावरही मांडायची नाही.

मुलावर लक्ष ठेवा. पुन्हा अंथरूण ओलं होणं, पोट दुखतं म्हणून शाळा टाळणं, आईला सोडून कुठंच न जाणं, मोठ्या मुलात झोप उडणं, मित्र सुटणं, किंवा आपल्यालाही आवाज येतात असं म्हणणं. यातलं काही दोन-तीन आठवडे टिकलं तर मुलासाठी वेगळा डॉक्टर गाठा.

धोका असेल तेव्हा

आवाज मुलाचं नाव घेऊन काही सांगतात असं आई-बाबांपैकी कोणी म्हणालं, मुलात सैतान शिरलाय असा भ्रम झाला, किंवा "मुलांना घेऊन जाते" असं बोलणं आलं, तर त्याच तासाला मुलं दुसऱ्या घरी आणि रुग्ण इस्पितळात. हे आजारी माणसाचा विश्वासघात करणं नव्हे. बरी झाल्यावर आईच तुमचे आभार मानेल. तिनं जीव द्यायचं बोललं तर तिला सरळ विचारा, विचारल्यानं तो विचार डोक्यात पेरला जात नाही. पोलिसांच्या भीतीनं असा प्रयत्न लपवू नका. त्या माणसावर मोठा ताण होता असंच २०१७ चा कायदा धरून चालतो आणि शिक्षेऐवजी उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकतो. रात्री आईजवळ जागं राहायला मुलाला बसवू नका. कधीच नाही.

घरात सांभाळणारं मोठं माणूसच नसेल, किंवा मुलाला मारहाण आणि उपासमार होत असेल, तर १०९८ वर कळवा. बाल कल्याण समिती मुलाची सोय बघते, आणि नातेवाइकांकडे ठेवणं हीसुद्धा सोयच असते. गोव्यानं २००३ मध्ये मुलांसाठी स्वतःचा कायदा केलेला आहे. समितीकडे जाणं म्हणजे मूल हिसकावलं जाणं, असं समजून लोक वर्षं घालवतात.

पैशाची बाजू: दीर्घ मानसिक आजार २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वात मोडतो. तपासणीत ४० टक्के किंवा जास्त भरलं तर प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, मिळतं. त्यावर गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेच्या मदतीसाठी अर्ज करता येईल का, ते समाजकल्याण खात्यात विचारा. आईच्या नावापुढं "अपंग" लागेल म्हणून बाबा बारा वर्षं थांबले. त्या काळात माझ्या भावाची शाळा सुटली.

आजारी माणसालाच विचारा

हे मी शेवटी लिहितेय, पण करायचं मात्र लवकर. आजारी आई ही आईच असते, आणि मधल्या चांगल्या महिन्यांत तिला आपल्या मुलांबद्दल बोलता येतं. तेव्हा तिच्याबरोबर बसून कागद करा. माझा आजार वाढला की मुलांनी कुठं राहायचं, शाळेत कोण सोडेल, त्यांना काय सांगायचं, कोणी सांगायचं, मला केव्हा भेटवायचं. स्वतःच्या उपचाराबद्दलची इच्छाही २०१७ च्या कायद्यानुसार आगाऊ लिहून ठेवता येते, तिची पद्धत इस्पितळात विचारून घ्या. मुलांचा कागद मात्र घरचाच. दरवर्षी चवथीच्या आधी काढून वाचा, नंबर बदललेले असतात.

माझी आई आता बहात्तर वर्षांची आहे आणि आमच्याकडे राहते. माझी मुलगी दहा वर्षांची. चार वर्षांपूर्वी आईनं स्वतः सांगून मला लिहायला लावलेला कागद आमच्या फ्रिजवर आहे, एक प्रत काकीच्या घरी, एक शाळेत बाईंकडे. त्यात आठ ओळी आहेत. तिसरी अशी: "मी दोन रात्री झोपले नाही तर नातीला माझ्या खोलीत झोपवू नये." सहावी: "इस्पितळात नेताना नातीला लपवू नये. मी तिला सांगून जाईन." गेल्या वर्षी जूनमध्ये न्यावं लागलं तेव्हा आई गाडीत बसण्याआधी दारापाशी थांबली, मुलीला म्हणाली, "मी बांबोळीला जाते गं, डोकं बरं नाही," आणि मुलीनं तिच्या पिशवीत कंगवा घातला.